पसंतीक्रम

जुलै सुरू झाला होता. पावसानं दोन दिवस हजेरी लावून दडी मारली होती आणि कूलर नुसता दमट वारा फेकत होता. आमच्याच फ्लॅट स्कीममध्ये तळमजल्यावर राहणारे शेजारी भाऊ संध्याकाळी दारात उभे राहिले. ते नागपूरच्या इतवारीतल्या एका रंगाच्या दुकानात कामाला आहेत. कितीही हात धुतले तरी नखांच्या कडेला कुठला ना कुठला शेड उरलेलाच असतो. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे जून-जुलैत मानेवाड्याच्या आमच्या गल्लीतले निम्मे आईबाप कधी ना कधी माझ्याकडे येऊन जातात. कुणी मोबाईल घेऊन येतं, कुणी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन. भाऊ रिकाम्या हातानं आले होते. पाणी प्यायले, पेला टेबलावर ठेवला, तिथला ओला गोल शर्टाच्या बाहीनं पुसला आणि म्हणाले, "ताई, पोरीनं फॉर्म तं भरला म्हणते. पण भरला कोणाकडं?"

मी सरळ उत्तर दिलं. इंजिनीअरिंगचा फॉर्म कॉलेजकडे जात नाही, राज्याच्या सीईटी सेलकडे जातो, सेलचं ऑफिस मुंबईत. तिथं सगळ्या महाराष्ट्राची एक गुणवत्ता यादी लागते आणि जागा त्या यादीनं वाटल्या जातात. भाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुंबईले? तिले पाह्यजे ते कॉलेज तं अमरावती रोडवर आहे." एवढं बोलून ते हसले, मीही हसले, आणि चहा न घेताच ते गेले.

तो 'कोणाकडं' मात्र रात्रभर डोक्यात राहिला.

कारण मी दिलेलं उत्तर बरोबर असलं तरी त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच. या माणसाचा या सगळ्या प्रकरणातला सहभाग म्हणजे त्याचा मोबाईल नंबर. दुकानात मशीनखाली डबा लावलेला असतो, फोन वाजतो, पलीकडून लेक म्हणते, "बाबा, ओटीपी आला असन, सांगा." ते सहा आकडे वाचून दाखवतात. संध्याकाळी घरी विचारलं की उत्तर मिळतं, "झालं बाबा." काय झालं, कुठं झालं, आता पुढं कोण काय ठरवणार, हे त्यात नसतं. ज्या गोष्टीवर लेकीचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे असं सगळं जग सांगतंय, ती गोष्ट त्यांच्या खिशातून जाते आणि त्यांना दिसत नाही. ज्याच्याकडे अर्ज केला तो माणूस निदान डोळ्यांनी पाहता आला असता, त्याच्या टेबलापाशी उभं राहता आलं असतं, "साहेब, पोरगी हुशार आहे" एवढं तरी म्हणता आलं असतं. त्यानं काही फरक पडला नसता, हे त्यांनाही ठाऊक आहे.

माझ्या वेळचं आठवलं. नव्वदच्या दशकात माझा फॉर्म बाबांनी भरला होता. अक्षरशः त्यांनी भरला, त्यांच्या पोस्टातल्या टपोऱ्या अक्षरात, निळ्या शाईनं. मी सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं बारीक खूण केलेली होती. खिडकीवरून फॉर्म आणणं, मार्कशीटच्या झेरॉक्स काढणं, ओळखीच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडून अटेस्ट करून घेणं, सगळं त्यांनी केलं. उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून, कॅरिअरला फाईल अडकवून ते सायकलनं सीताबर्डीला जायचे आणि आल्यावर माठातलं पाणी पिता पिता रांगेतल्या गोष्टी सांगायचे. यादी लागली ती नोटीस बोर्डावर, जाळीच्या आत. गर्दीतून हात घालून बाबांनी जाळीवरून बोट फिरवत फिरवत माझं नाव शोधलं. मी मागं उभी होते. बीएस्सीला जायचं की आणखी कुठं, हे मला कुणी विचारल्याचं आठवत नाही, आणि त्या वेळी मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं. आता वाटतं. त्यामुळे 'आमच्या वेळी किती छान होतं' हा सूर मला लावता येत नाही. तेव्हा मूल सही करायचं आणि बाप ठरवायचा. आता बाप ओटीपी सांगतो. दोन्ही वेळा एकजण बाहेरच उभा.

या मधल्या रिकाम्या जागेवर आता एक अख्खा धंदा उभा राहिलाय. आमच्या चौकातच दोन नेट कॅफे आहेत, बाहेर फ्लेक्स: सीईटी, नीट, महाडीबीटी, सर्व फॉर्म भरून मिळतील. मुलगा तिथं बसलेला असतो, भराभरा टाइप करतो, पंख्याखाली ओळीनं आईबाप बसलेले असतात. बहुतेकदा काम नीटच होतं. पण एका आईनं मला फोन दाखवला तेव्हा कळलं की फॉर्मवर नोंदवलेला नंबर कॅफेतल्या पोराचा, ईमेल त्याचाच, पासवर्डही त्यालाच माहीत. 'कागद अपुरे आहेत, दुरुस्त करून पुन्हा पाठवा' असा निरोप येऊन पडला होता आणि या माउलीला वाटत होतं, पावती मिळाली म्हणजे संपलं. ई-स्क्रुटिनी हा प्रकार घरच्या कुणाला माहीतच नव्हता: अपलोड केलेले कागद तिकडे कुणीतरी उघडून तपासतं आणि ते मान्य केल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. याहून वरच्या दर्जाचा धंदा म्हणजे समुपदेशन. एसी केबिन, भिंतीवर टॉपर पोरांचे फोटो, आणि पर्यायांची यादी 'लावून देण्याचे' काही हजार रुपये. त्यातले सगळे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. पण जी गोष्ट घरात जेवणाच्या ताटावर बोलायची, ती बोलता येत नाही म्हणून लोक पैसे मोजतात, असं मला नेहमी वाटतं.

कागदपत्रांचं मात्र वेगळं. तिथं बापमाणसं एकदम ताठ होतात. भाऊंच्या लेकीला ओबीसीतून अर्ज करायचा होता, म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. हे कळल्यावर भाऊंनी सुट्टी टाकली, उमरेडकडच्या गावी गेले, शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातून लेकीच्या आजोबांचं नाव शोधून काढलं आणि वरून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कलही आणली. ती नक्कल त्यांनी मला दोनदा दाखवली. जुन्या वळणाची अक्षरं, नावापुढं जात लिहिलेली, खाली नव्या शाईचा गोल शिक्का. "हे पाहा ताई, माह्या बापाच्या जल्माची नोंद." अठरा वर्षांच्या पोरीला कॉम्प्युटरवर जागा मिळावी म्हणून कोतवालाच्या वहीपर्यंत मागं जावं लागतं, यावर चिडायचं की थक्क व्हायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या आठवड्यात ते घरात जरा मोठ्यानं बोलायचे, असं त्यांची बायको सांगत होती. रांग होती, खिडकी होती, कारकून होता. काय करायचं ते त्यांना समजत होतं.

अडतं ते आकड्यांशी. लेकीला सीईटीत ९१ पर्सेंटाईल होते आणि भाऊंनी दुकानात पेढे वाटले होते. ९१ म्हणजे शंभरापैकी ९१, असंच सगळे समजतात, आणि त्यांना दुसरं कुणी सांगितलेलंही नसतं. मी कागदावर मांडून दाखवते. समजा परीक्षेला ४ लाख मुलं बसली. ९१ पर्सेंटाईल म्हणजे त्यातली ९१ टक्के तुमच्या बरोबरीला किंवा मागं. उरलेली ९ टक्के पुढं. ४ लाखांचे ९ टक्के म्हणजे ३६ हजार. हा आकडा लिहिला की समोरच्याचा चेहरा पाहवत नाही. ते ३६ हजार सगळे एकाच कॉलेजच्या दारात उभे नाहीत, ते राज्यभर पांगतात, प्रत्येक प्रवर्गाची वेगळी ओळ असते, हे सांगेपर्यंत पेढ्यांची चव गेलेली असते. मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली की आणखी गोंधळ. जीओपनएच, एलओबीसीएच, जीओपनओ. मग मी उलगडते: जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधे प्रवर्ग, शेवटी एच असेल तर आपल्या विद्यापीठाच्या भागातली मुलं आणि ओ असेल तर बाहेरची. एकदा हे कळलं की लोक कोडं सोडवल्यासारखे त्यात रमतात. एका आजोबांनी तर चष्मा चढवून अख्ख्या नागपूरची कॉलेजं पेनानं वहीत उतरवली होती.

दुसऱ्या एका घरात वेगळीच तऱ्हा. मुलाला दिल्ली विद्यापीठात इतिहासाला जायचं होतं. २०२२ पासून तिथं प्रवेश सीयूईटी या देशभराच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, बारावी पास असणं पुरे, टक्के त्या यादीत धरत नाहीत. हे ऐकल्यावर त्याची आई एकदम माझ्यावरच उसळली, "माय वं! मंग वर्षभर बारावी बारावी करून डोकं काऊन खाल्लं सगळ्यायनं?" मला याचं धड उत्तर देता येईना. टीव्ही बंद, लग्नं बंद, घरातल्या बाकीच्यांनी कुजबुजत बोलायचं, हे सगळं तिनं केलं होतं.

पण खरी गाठ बसते ती पर्यायांच्या यादीवर. गुणवत्ता यादी लागते आणि मग कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमानं भरायची असते. शेकड्यानं पर्याय भरता येतात. एक नंबरवर काय, दोनवर काय. आणि इथं बहुतेक सगळे आईबाप एकच गोष्ट सांगतात: जे मिळण्यासारखं आहे ते वर टाक. भाऊंनाही हेच वाटत होतं. "मोठं कॉलेज वर टाकलं आन् नाही भेटलं, तं खालचं हातचं जाईन नं ताई." वरवर शहाणपणाचं वाटतं. आयुष्यात बऱ्याच ठिकाणी ते खरंही असतं. नोकरीत, घर भाड्यानं घेताना, सोयरिकीत. एकीकडे हात पसरला की दुसरीकडचं जातं, हे त्यांनी भोगलेलं आहे. पण इथलं यंत्र तसं चालत नाही. ते गुणवत्ता यादीत वरून खाली येतं, तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून वाचत जातं आणि त्या घडीला जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतं. मी भाऊंना लग्नातल्या बुफेचं सांगितलं. तुमच्या पुढच्यांनी रसमलाई संपवली आणि तुम्ही रसमलाई मागितली, तर वाढपी "नाही" म्हणेल. पण मागितली म्हणून ताटातली पोळी काढून घेणार नाही. ते खळखळून हसले. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर मात्र तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीला बसता येत नाही, म्हणून एक नंबरवर तेच टाका जिथं जायला मनापासून तयार आहात, हेही सांगितलं. आणि खालची जागा ठेवून वरच्यासाठी थांबलात व वरची मिळाली, तर आधीची आपोआप सुटते, परत मागता येत नाही.

म्हणजे कधी नव्हे ते एक सरकारी यंत्र विचारतंय: तुला काय हवंय, खरं खरं सांग, क्रमानं सांग, खरं सांगितल्यानं तुझं नुकसान होणार नाही. आणि घरोघरी त्याला भीतीचा क्रम लिहून दिला जातो. शेजारच्याचा मुलगा हिंजवडीत आहे म्हणून कॉम्प्युटर वर. मामा म्हणाले सिव्हिलला मरण नाही म्हणून सिव्हिल त्याखाली. मुलीचं लग्न करायचंय म्हणून नागपूरबाहेरचं सगळं कटाप. पोरांनाही ते ठाऊक असतं, म्हणूनच ती "तुम्हाले नाही समजणार" म्हणून फोन उलटा करून ठेवतात. समजणार नाही असं काही त्यात नसतं. समजलं तर भांडण होईल, म्हणून ते बरं.

भाऊ परत आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, लेकीला घेऊन या. ती आली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, पाय वर घेऊन, केसांच्या क्लिपशी खेळत. मी म्हटलं, मी काही सांगणार नाही, तू तुझी यादी बाबांना वाचून दाखव. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तिला डायरी वाचायला सांगितली. मग वाचायला लागली. पहिल्या नंबरवर एलआयटीचं, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं, केमिकल इंजिनीअरिंग होतं. भाऊंनी मान हलवली. एलआयटी नागपुरात कुणाला सांगावी लागत नाही. कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली संस्था, आता तर स्वतःचं विद्यापीठ झालेली. दुसऱ्या नंबरवर तिनं वाचलं, एलआयटी, सरफेस कोटिंग.

"ते काय असते?"

"रंग, बाबा. पेंट."

भाऊ पाहतच राहिले. मग जरा लागल्यासारखे म्हणाले, "रंगात काय शिकायचं बाई? आमी रोजच करून राह्यलो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण वीस-पंचवीस वर्षं ज्यातून पोरांना बाहेर काढायचं म्हणून राबलो, तिथंच ही परत चाललीय, असं काहीसं होतं. लेक खाली पाहत म्हणाली, "मागं त्या बंगल्याचा शेड वेगळा आला होता नं दुसऱ्या खेपेले? गिऱ्हाईक भांडलं होतं तुमच्याशी." "हो मंग. नंबर एकच होता." "मंग वेगळा काऊन आला?" भाऊ पुढं सरकून बसले. बेस दुसऱ्या लॉटचा असेल, म्हणाले. मशीन थेंब मोजूनच टाकते पण बेसच पिवळट असला तर मशीन काय करणार. शिवाय डबा नीट हलवला नसेल. शिवाय भिंत ओली असेल. ओला रंग एक दिसते, वाळला की दुसरा. उन्हाकडच्या भिंतीवर तिसरा. मग मेच्या उन्हात लावलेला रंग फोड धरते तो का, नागपूरच्या पश्चिमेच्या भिंती आधी का उडतात, हे सगळं त्यांनी हातवारे करत सांगितलं. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लेक म्हणाली, "तेच शिकवतेत तिथं. काऊन होते ते."

ते लगेच पटले, असं झालं नाही. ते म्हणाले, कॉम्प्युटर वर घे, हे खाली राहू दे. ती म्हणाली, नाही. थोडा वेळ घरातल्या घरात चालतं तसं चाललं, माझ्या समोर. मला मधे पडावंसं वाटत होतं, आणि पडूही नये असं वाटत होतं. शेवटी फीचा प्रश्न निघाला आणि दोघंही हायसं वाटल्यासारखे त्याकडे वळले. तिथं मला बोलता आलं: २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे; पण प्रवेश सरकारी फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. भाऊंनी हे दोनदा वदवून घेतलं. जाताना यादी लेकीच्याच क्रमानं राहिली होती, फक्त तीन नंबरवर कॉम्प्युटर आलं होतं. पासवर्ड भाऊंनी स्वतःच्या अक्षरात दुकानाच्या डायरीत लिहून घेतला.

पहिल्या फेरीत तिला बरंच खालचं, हिंगणा रोडचं एक खासगी कॉलेज लागलं. तिनं ते ठेवलं आणि थांबली. घरात दोन आठवडे अबोला की तसंच काहीतरी. पुढच्या फेरीत सरफेस कोटिंग आलं. भाऊंनी पेढे वाटले की नाही, मला माहीत नाही. मला मिळाले नाहीत.

परवा इतवारीत काम होतं, म्हणून त्यांच्या दुकानावरून गेले. शेकर मशीनमध्ये डबा घडघडत होता आणि त्या आवाजावर आवाज चढवून भाऊ एका दुसऱ्या बापाला समजावून सांगत होते. पर्सेंटाईल बरोबर सांगितलं, बुफे माझ्याहून रंगवून सांगितला, रसमलाईच्या जागी सावजी मटण आलं होतं. पण वरची जागा मिळाली तरी खालची हातात राहते, असं काहीसं बोलले, तेव्हा मी गाडी स्टँडवर लावून आत गेले आणि तेवढं दुरुस्त केलं. "ह्या आमच्या ताई," भाऊ म्हणाले. समोरच्या माणसाला मी कुणीतरी मोठी अधिकारी वाटले असावे. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, ते नॉन-क्रिमीलेअरचं सर्टिफिकेट कुठून काढा लागते?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ बोलून मोकळे झाले होते, "सेतू केंद्रात. पण तीन वर्षांचे उत्पन्नाचे कागद घेऊन जाजो, नाही तं परत धाडतेत."